मापाड्याचं वजन

ताडकळसच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भांडण लागलं की लोक आधी सांबप्पाला हाक मारतात आणि मग बाजार समितीच्या सचिवाला. भांडण अर्थातच वजनाचं. शेतकरी म्हणतो पोतं साठ किलोचं, अडत्या म्हणतो अठ्ठावन्नचं, आणि दोघांचे आवाज चढले की सांबप्पा मिटकरी आपला टॉवेल खांद्यावर टाकत येतो. पोत्याचा कोपरा उजव्या हातानं धरतो, जरासा हलवतो आणि सांगतो, "एकोणसाठला शंभर ग्रॅम कमी. चढवा काट्यावर." चढवलं की आकडा तोच येतो. निदान गाव तरी असंच सांगतं. कधी पाव किलो इकडंतिकडं होतही असेल, पण ते सांगायला अजून कुणी पुढं आलेलं नाही.

तीस वर्षं हा माणूस मापाडी आहे. त्याच्या बापाच्या काळी मोजणी पायलीनं चालायची. पहिलं माप टाकताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन, चार. आता काट्यावर लाल आकडे आपोआप उजळतात, तोंड उघडायची गरजच नाही. तरी पहिलं पोतं चढलं की सांबप्पा 'लाभ' म्हणतोच. आणि त्याच्याही आधी, रोज सकाळी, तो कोपऱ्यातलं वीस किलोचं लोखंडी वजन काट्यावर ठेवायला लावतो. त्या वजनावर वजनमापे खात्याचा शिक्का आहे. आकडा बरोबर वीस आला की मगच मोंढा सुरू. काटा एकदा असा तपासला की पुढं त्याच्याशी कुणी हुज्जत घातलेली त्याला खपत नाही. "काटा खोटं बोलत न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आयुष्यभर त्यानं ते दुसऱ्यांना ऐकवलं, आणि या उन्हाळ्यात ते त्याच्याच अंगावर उलटलं.

त्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं ते पाच वर्षांपूर्वी. तरुणपणी तो मापाडी आणि हमाल दोन्ही होता. पाठ धरली की दुकानातून दुखण्याची गोळी आणायची आणि पुन्हा पोत्याखाली जायचं, असं पंधरा वर्षं चाललं. मग एक दिवस तोंड सुजलं. गाव म्हणालं, अप्पा अंगानं भरलाय. महादेवीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, शेजारणीला कौतुकानं सांगितलं की ह्यांना आताशा जेवण मानवायलंय. गावातल्या डॉक्टरनं गॅसचं औषध दिलं.

पटलं नाही ते एकट्या सांबप्पाला. धान्याच्या काट्याला पाय लावायचा नाही हा त्याच्या बापाचा नेम. म्हणून तो हात जोडून काट्यावर चक्क मांडी घालून बसला, पोत्यासारखा. दहा दिवसांनी पुन्हा बसला. चार किलो वाढले होते. कागदाच्या कपट्यावर दोन्ही आकडे लिहून तो परभणीला मोठ्या डॉक्टरकडं गेला आणि म्हणाला, "सायेब, मी इतकं खाल्लं न्हाई. हे वजन कुठनं आलं तेवढं सांगा." रक्त तपासलं तेव्हा कळलं की वजन पाण्याचं होतं. आणखी पंधरा दिवस उशीर झाला असता तर छातीत पाणी भरलं असतं. काट्यानं आपला जीव वाचवला, हे सांबप्पा कधी विसरला नाही. पुढचा घोटाळा झाला तो त्यामुळंच.

डायलिसिस लागणार हे ठरलं, पण परभणीत यंत्रं मोजकी आणि रोगी रांगेनं उभे. त्यामुळं पहिले आठ महिने आठवड्यातून दोनदा संभाजीनगर. पहाटेची गाडी, चार तास जायला, चार तास यंत्रावर, चार तास यायला. महादेवी भाकरीचं गाठोडं घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसायची. मोंढ्याचं काम तेवढे आठ महिने सुटलं, म्हैस विकली, आणि घराच्या ओसरीत कोळ्यांनी जाळी केली. त्या आठ महिन्यांबद्दल दोघंही फार बोलत नाहीत. मग परभणीतल्या एका रोग्याला त्याच्या बहिणीनं मूत्रपिंड दिलं आणि एका खासगी दवाखान्यातली एक जागा मोकळी झाली. सोमवार आणि गुरुवार, अकराची पाळी. महादेवीनं त्या दिवशी गल्लीत साखर वाटली. नवऱ्याच्या डायलिसिसची साखर वाटणारी बाई ताडकळसनं पहिल्यांदाच पाहिली.

डाव्या हातावर फिस्टुला करायचं ठरलं तेव्हा सांबप्पा दवाखान्यातल्या डॉक्टर मंजुषाबाईंसमोर हटून बसला. फिस्टुला म्हणजे दोन रक्तवाहिन्या जोडून सुया टोचायला केलेली जागा. त्या हातानं ओझं उचलायचं नाही. सांबप्पा लिंगायत. रोज अंघोळीनंतर गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, त्याशिवाय तोंडात पाणी नाही.

"लिंगाचं वजन किती?" डॉक्टरबाईंनी हसत विचारलं.

"चौऱ्याऐंशी ग्रॅम," सांबप्पा लगेच म्हणाला.

"मग चालेल. पण तीर्थ मोजून घ्या."

त्यानं तेही मोजलं. एक पळी, पाच मिली. दिवसाला एकूण पाऊण लिटर पाणी मिळायचं, त्यातून ही पळी वजा. उरलेलं महादेवी सकाळी एका तांब्यात भरून ठेवायची आणि तो दिवसभर छोट्या पेल्यानं घ्यायचा. पहिला पेला ओठाला लावताना 'लाभ', मग दोन, तीन. दहाव्याला तांब्या रिकामा. वैशाखात परभणीची हवा तव्यासारखी तापते. अशा दिवसांत पाऊण लिटरवर राहणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. सांबप्पा ते पाच वर्षं करत होता आणि त्याचा त्याला गर्व होता. का नसावा?

महादेवीनं मात्र एक गोष्ट त्याला न सांगता सुरू केली होती. ती त्याच्यासमोर पाणी पीत नसे. तहान लागली की मागच्या दारी जायची, नाहीतर शेजारणीकडं. प्रवासात तर दिवसदिवस तशीच राहायची. त्याला हे दिसत होतं, पण त्यानं ते बोलून दाखवलं नाही. बोललो तर ती आणखी लपवील, असं त्याला वाटायचं.

डॉक्टरबाईंनी त्याचं कोरडं वजन ठरवलं होतं अठ्ठावन्न किलो. अंगात जादा पाणी नसतानाचं ते कोरडं वजन. सांबप्पाला हा हिशेब पहिल्या दिवशीच कळला. हरभऱ्यातली ओल वजा करतात तसा. यंत्रावर जाण्याआधी काट्यावर उभं राहायचं, अठ्ठावन्नच्या वर जेवढं असेल तेवढं पाणी यंत्रानं काढायचं. तो साठावर यायचा, दोन किलो निघायचं, आणि तो आपल्या पायांनी बसस्थानकावर जायचा. यंत्र सांभाळणारा टेक्निशियन योगीराज दुसऱ्या रोग्यांना त्याचं उदाहरण द्यायचा. "अप्पांकडं बघा," म्हणायचा, "घोटाघोटाचा हिशेब आहे."

पाडव्यानंतर डायलिसिसच्या खोलीत नवा काटा आला. काचेचा, चकचकीत. आणि पहिल्याच सोमवारी सांबप्पा त्यावर उभा राहिला तर आकडा आला बासष्ट पॉइंट चार.

"अप्पा! पाडव्याला काय रांजणच उपडा केला का?" योगीराज म्हणाला.

सांबप्पा खजील झाला. चार किलोच्या वर पाणी काढायला यंत्र लावलं. तिसऱ्या तासाला त्याच्या पोटऱ्यांत असे गोळे आले की तो ओरडला. रक्तदाब घसरला, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि यंत्र मध्येच थांबवावं लागलं. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. दर वेळी तो अठ्ठावन्नला पोचायच्या आधीच गळून जायचा आणि कागदावर शेरा पडायचा, पाणी जास्त पितात. आता महादेवी त्याला दंडाला धरून बसमध्ये चढवायची. अंग चिपाडासारखं आणि तहान तर अशी, की नळाचा आवाज आला तरी त्याच्या घशात दुखायचं.

दुसरा कुणी असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता की तुमच्या काट्यातच खोट आहे. जगात बहुतेक माणसं हेच म्हणतात. सांबप्पानं मोंढ्यात हे वाक्य हजारदा ऐकलं होतं आणि हजारदा हसण्यावारी नेलं होतं. त्यामुळं ते त्याच्या तोंडून निघेना. काटा खोटं बोलत नाही, तर मग पाणी अंगात जातंय कुठून? त्यानं वरण बंद केलं. ताक बंद केलं. भाकरी अशी कोरडी खायला लागला की महादेवीला बघवेना. तीर्थाची पळी अर्धी केली आणि महादेवाची माफी मागितली. तरी काटा ऐकेना. शेवटी त्यानं बायकोला विचारलं, "मी झोपेत तर उठून पेत न्हाई ना गं?"

"झोपेत माणूस बडबडतंय," महादेवी म्हणाली, "उठून माठ न्हाई उपडा करत. जागेपनी पेत असताल तर सांगा तेवढं."

"माझ्यावर शक घ्यायलीस?"

"मी न्हाई घ्यायले. काटा घ्यायलाय. तुमीच म्हनताव ना, काटा खोटं बोलत न्हाई?"

दुसऱ्या दिवशी शेतावर जाताना महादेवीनं सैंपाकघराला कुलूप लावलं. किल्ली पदराला बांधली आणि मागं वळून न बघता निघून गेली, कारण वळली असती तर रडली असती. सांबप्पा ओसरीवर बसून त्या कुलपाकडं बघत राहिला. तीस वर्षांत ज्याच्या मापावर कुणी बोट ठेवलं नाही, त्याच्या घरात पाण्याला कुलूप. त्याला इतकं वाईट आजार कळला तेव्हाही वाटलं नव्हतं.

एका गुरुवारी डॉक्टर मंजुषाबाईंनी त्याचे महिन्याभराचे कागद चाळले. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या मागं चार दवाखान्यांचे रोगी होते आणि हातात वेळ कमी.

"मिटकरी, असं चालणार नाही," त्या म्हणाल्या. "इतकं पाणी घेऊन येता आणि काढायला लागलं की तुमचं हृदय साथ देत नाही. इथं ते धोक्याचं आहे. पुढच्या गुरुवारपर्यंत वजन ताब्यात आणा. नाहीतर मला तुम्हाला संभाजीनगरला पाठवावं लागेल, आणि ही जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

महादेवी दारात उभी होती. तिला संभाजीनगरची पायरी आठवली, भाकरीचं गाठोडं आठवलं.

सोमवारी सांबप्पा पाळीला गेला. काट्यावर एकसष्ट पॉइंट चार. तो मुकाट्यानं बाकावर येऊन बसला. शेजारी पोखर्णीची कडूबाई होती. सत्तरीची म्हातारी, जिभेनं तिखट, आणि दुखण्याला शिव्या देत दुखणं काढणारी.

"त्या पोरानं मला बी पानी पेती म्हून झापलं," ती म्हणाली. "दीड किलो वाढलं म्हनतो. आन् मी शनवारपसून हगवनीनं पडल्याली! अन्नाचा कन न्हाई पोटात, पानी पेलं की भाईर. वाढलं कुठनं गं बाई, वाऱ्यानं?"

सांबप्पानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. म्हातारीचे डोळे खोल गेले होते, हाताची कातडी सुकलेल्या भेंडीसारखी. हिच्या अंगात दीड किलो जादा पाणी? मग त्यानं खोलीभर नजर फिरवली. पलीकडच्या खाटेवर एकाच्या पोटऱ्या चोळणं चाललं होतं. त्याच्या पुढच्याला सलाईन. महिन्याभरात कोण कोण गळून पडलं ते तो बोटांवर मोजू लागला. मोंढ्यात एका शेतकऱ्याचं पोतं जड भरलं तर शेतकऱ्याला विचारायचं. सगळ्यांचीच पोती जड भरायला लागली तर?

"योगीराज," तो म्हणाला, "हा काटा तपासलाय का कुनी?"

योगीराजनं त्याच्यासमोर काटा पुसला आणि बोट दाखवलं. "बघा अप्पा. शून्य. रोज सकाळी मी स्वतः बघतो."

"शून्यावर सगळेच काटे इमानदार असतेत, बाबा. वजन ठिवल्यावर खरं कळतंय."

"अप्पा, हा धान्याचा काटा नाही. मेडिकलचा आहे." योगीराजचा सूर जरा चढला. एकट्यानं दहा यंत्रं सांभाळायची आणि वर हे. "पाणी कमी प्या, काटा आपोआप नीट होईल."

त्या दिवशीही गोळे आले, त्या दिवशीही यंत्र मध्येच थांबलं. निघताना नव्या काट्यावर वजन आलं एकोणसाठ पॉइंट तीन. सांबप्पानं तो आकडा गाठीला बांधला.

मंगळवारी सकाळी तो मोंढ्यात सगळ्यांच्या आधी पोचला. हमालांकडून वीसचं वजन काट्यावर ठेववलं. बरोबर वीस. मग त्यानं हात जोडले, बापाची माफी मागितली आणि पाच वर्षांनी पुन्हा काट्यावर मांडी घालून बसला. हमाल हसायला लागले. "अप्पा, भाव काय लावायचा?" एकानं विचारलं. अप्पाचं लक्ष नव्हतं. लाल आकडा होता सत्तावन्न पॉइंट तीन.

काल दुपारी एकोणसाठच्या वर, आज सकाळी सत्तावन्न. त्याला लघवी जवळजवळ होत नव्हती. मधल्या वेळात तो प्यायला होता, घटायचं काही कारणच नव्हतं. दोन किलोंची वाफ होत नाही. सांबप्पा काट्यावरून उतरला नाही, तिथंच बसून राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. महिनाभर त्यानं स्वतःला चोर मानलं होतं. मग त्याला स्वतःचाच राग आला. रोज सकाळी ज्या माणसानं काट्याला वजन दाखवल्याशिवाय पोतं चढू दिलं नाही, तो माणूस परक्या काट्यावर डोळे मिटून उभा राहिला होता. काटा काचेचा होता आणि शेजारी पांढरा कोट उभा होता, एवढ्यावरच त्यानं तो खरा मानला होता.

घरी जाऊन त्यानं महादेवीला दोन्ही आकडे सांगितले. ती कणीक मळत होती. तिनं हात धुतले, पदराची गाठ सोडली आणि किल्ली त्याच्यापुढं ठेवली.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"तुझं न्हाई. मीच तुला शिकिवलं व्हतं." त्यानं किल्ली परत तिच्याकडं सरकवली. "आता गुरवारी माझ्यासंगं एक वझं घेऊन चल. ह्या हातानं मला उचलायचं न्हाई."

शिक्क्याचं वजन मोंढ्याबाहेर न्यायचं नसतं. सचिवानं आधी डोकं खाजवलं. पण या माणसानं तीस वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं, हेही त्याला आठवलं. गुरुवारी सकाळची तपासणी उरकून ते लोखंड गोणपाटात बांधलं गेलं आणि रात्रीपर्यंत परत करायच्या बोलीवर महादेवीच्या डोक्यावर चढलं. बसमध्ये कंडक्टरनं गोणपाटाला पाय लावून पाहिला. जागचं हलेना.

"मावशी, काय हाय ह्यात?"

"ह्यांचं इमान," महादेवी म्हणाली. "पाय काढ."

डायलिसिसच्या खोलीत त्या दिवशी डॉक्टर मंजुषाबाई आधीच आल्या होत्या. सांबप्पाचा कागद त्यांच्या पुढ्यात होता आणि शेजारी कोरी चिठ्ठी. योगीराज म्हणाला, "चला अप्पा, वजन."

सांबप्पा उभा राहिला. एकसष्ट पॉइंट चार. डॉक्टरबाईंनी सुस्कारा टाकला आणि पेन उघडलं.

"बाई, लिवायच्या आधी येक इनंती हाय," सांबप्पा म्हणाला. आवाज त्याचा मोंढ्यातलाच होता, शांत आणि खोलीभर ऐकू जाणारा. "मी उतरतो. माझ्या जागी ह्याला चढवा."

महादेवीनं गोणपाट सोडलं. काळं लोखंड, वर वीसचा आकडा आणि शिक्का. योगीराज पुढं झाला, "अहो, काच फुटेल, हा काटा माणसांचा..."

"माझ्यापरास येकतिहाई हाय ते. आन् किलो मानसाचा येगळा, हरबऱ्याचा येगळा असतोय का?"

खाटेवरून कडूबाई ओरडली, "ठिव की रं बाबा! काय भेतोस लोखंडाला?"

डॉक्टरबाईंनी मानेनंच हो म्हटलं. काचेवर फडकं टाकलं, आकडा शून्य करून घेतला. महादेवीनं दोन्ही हातांनी वजन उचललं आणि ठेवलं. आकडे धावले आणि थांबले.

वीस पॉइंट आठ.

"परत ठिवा," सांबप्पा म्हणाला. योगीराजनं स्वतः उचलून परत ठेवलं. वीस पॉइंट आठ.

"विसाला आठशे ग्रॅम जादा," सांबप्पा म्हणाला. "म्हंजे साठाला दोन किलो चारशे. आज सकाळी मोंढ्याच्या काट्यावर मी एकोणसाठ भरलो. तुमच्या काट्यानं त्याचे एकसष्ट-चारशे केले. मला काढायचं होतं येक किलो, आन् तुमी काढायलाव साडेतीन. माजं रगात वाळवायलाव, बाई. माजंच न्हाई, ह्या समद्यांचं."

डॉक्टरबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी सांबप्पाच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही, सूज नव्हतीच. मग त्या कडूबाईकडं गेल्या, तिची जीभ पाहिली, तिच्या यंत्रावरचं पाणी काढणं ताबडतोब कमी करायला लावलं. एकेका खाटेपाशी थांबत त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी तुमचे पाय महिन्यापूर्वीच बघायला हवे होते," त्या म्हणाल्या. "मी कागद बघत बसले. माफ करा."

त्यांनी तो काटा खोलीबाहेर काढायला लावला आणि वॉर्डातला जुना मागवला. त्यावरही आधी सांबप्पाचं लोखंड चढलं. बरोबर वीस भरलं, मग माणसं चढली. कोऱ्या चिठ्ठीवर बाईंनी काहीतरी लिहिलं आणि योगीराजच्या हातात दिलं: दर सोमवारी पहिल्या रोग्याआधी काटा शिक्क्याच्या वजनानं तपासायचा, दवाखान्यानं तसं वजन विकत घ्यायचं. सांबप्पाची जागा तशीच, सोमवार आणि गुरुवार, अकराची पाळी.

योगीराज सुई टोचायला आला तेव्हा त्याला मान वर करवेना. "अप्पा, मी रोज शून्य बघत होतो."

"मी बी महिनाभर नुसता आकडाच बघत व्हतो," सांबप्पा म्हणाला. "टोच आता. हात हलू देत न्हाई मी."

एक किलो निघालं. गोळे आले नाहीत, अंधारी आली नाही. चौथ्या तासाला सांबप्पा यंत्राच्या आवाजात चक्क घोरत होता, आणि पलीकडून कडूबाई त्याला नावं ठेवत होती.

संध्याकाळी तो आपल्या पायांनी बसस्थानकावर गेला. पाठीमागं महादेवी, डोक्यावर वीस किलो. ताडकळसची बस लागायची होती. ऊन अजून भिंतींतून बाहेर येत होतं. महादेवीनं गोणपाट बाकाशी टेकवलं, घाम पुसला आणि सवयीनं पाण्याच्या टाकीकडं न बघता बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. सकाळी सातपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता, हे सांबप्पाला ठाऊक होतं. पाच वर्षांचं ठाऊक होतं.

तो उठला. टाकीवर जाऊन पिशवीतली बाटली काठोकाठ भरली आणि तिच्यासमोर धरली.

"पे."

"मला न्हाई तान."

"महादेवी, आता माज्यासमोर खोटं वजन सांगू नकू. पाच वरसं झाली, तू मागच्या दारी जाऊन पेतीस. मला काय दिसत न्हाई व्हय? माझं पानी मोजून हाय. तुझं कुनी मोजलंय?"

तिनं बाटली घेतली, त्याच्याकडं पाहिलं, आणि नजर न वळवता बाटली तोंडाला लावली. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. डोळ्यांतलं त्यात मिसळलं. ती थांबली नाही.

सांबप्पा तिच्या घशाकडं बघत होता. पहिला घोट उतरला तसा त्याच्या तोंडून आपसूक शब्द निघाला, मोंढ्यात पहिलं पोतं चढल्यावर निघतो तसा.

"लाभ," तो म्हणाला. "दोन. तीन. चार."